समजून घ्या : ॲक्युपंक्चरची सुई टोचून घेण्याआधी काय तपासाल? पाटीवरच्या 'डॉ.'पेक्षा नोंदणी क्रमांक महत्त्वाचा

'गुडघेदुखी, कंबरदुखी, मानदुखी, मणक्यातील गॅप, सायटिका. औषधाविना, ऑपरेशनविना उपचार. फक्त दोन दिवस. नावनोंदणी आवश्यक.' अशा मजकुराचा रंगीत मेसेज मोहोळ तालुक्यातल्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडला, तर त्याचे कोणाला नवल वाटणार नाही. कुरूल, कामती, पेनूर, अनगर, शेटफळ अशा गावांत कंबर आणि गुडघा धरलेली माणसे घरोघरी आहेत. उसाच्या फडात वाकून काम केलेले, ट्रॅक्टरवर दिवस काढलेले, वारीत पंढरपूरपर्यंत चाललेले. गोळ्या खाऊन पित्त वाढलेले असते आणि ऑपरेशन म्हटले की पोटात गोळा येतो. मग मंगल कार्यालयातले शिबिर किंवा सोलापूरच्या एखाद्या गल्लीतला दवाखाना जवळचा वाटू लागतो.

ॲक्युपंक्चर ही सरसकट भोंदूगिरी नाही. महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे आणि रीतसर शिकलेले उपचारकही आहेत. अडचण एवढीच की, शिकलेला आणि न शिकलेला या दोघांच्या हातातली सुई सारखीच दिसते. पाटीही सारखीच दिसते. फरक कसा ओळखायचा, ते समजून घेऊ.

सोलापूरचा आणि ॲक्युपंक्चरचा संबंध काय?

सोलापूर जिल्ह्यात चीन म्हटले की पहिले नाव डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले कोटणीस मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेऊन १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकासोबत युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता कोटणीस तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच गेले. सोलापुरातल्या त्यांच्या वडिलोपार्जित घरात आज स्मारक आहे. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा चित्रपट जुन्या पिढीला आठवत असेल.

कोटणीस हे शल्यचिकित्सक होते आणि त्यांची कीर्ती शस्त्रक्रियांमुळे आहे. ॲक्युपंक्चरशी त्यांचे नाव जोडले गेले ते त्यांच्या सहकाऱ्यामुळे. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि परतल्यावर त्यांनी भारतात ते रुजवले. बसूंनी आणि त्यांच्या शिष्यांनी आपल्या कामाला कोटणीसांचे नाव दिले. लुधियानात तर त्यांच्या नावाचे ॲक्युपंक्चर रुग्णालयच आहे.

सोलापूरकरांना या नावाचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. मात्र एखाद्या दवाखान्याच्या भिंतीवर कोटणीसांचा फोटो असणे ही उपचारकाची पात्रता नव्हे. चीनला जाऊन आल्याचा फोटोही नव्हे.

कायदा काय सांगतो?

भारतात या उपचाराला कायद्याची चौकट पहिल्यांदा पश्चिम बंगालने दिली, १९९६ मध्ये. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशात ॲक्युपंक्चरला स्वतंत्र वैद्यकशाखा म्हणून मान्यता नाकारली, पण एक उपचार म्हणून नोंदणीकृत डॉक्टरांना किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांना तो करण्याची मुभा ठेवली. याच आदेशात आणखी एक गोष्ट होती. 'डॉक्टर' हे बिरुद मान्यताप्राप्त वैद्यकशाखांच्या लोकांनीच लावावे, याकडे राज्यांनी लक्ष द्यावे, असे त्यात म्हटले होते. पुढे २१ फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

आपल्या कामाचा आहे तो राज्याचा कायदा, म्हणजे ॲक्युपंक्चर उपचारपद्धतीसाठीचा महाराष्ट्राचा २०१५ चा अधिनियम. त्यानुसार महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद अस्तित्वात आली. वकिलांची नोंद जशी बार कौन्सिलकडे आणि एमबीबीएस डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, तशी ॲक्युपंक्चर करणाऱ्यांची नोंदवही या परिषदेकडे असते. नोंद झालेल्याला क्रमांक मिळतो, प्रमाणपत्र मिळते.

म्हणून पहिला आणि सर्वात महत्त्वाचा प्रश्न : परिषदेच्या नोंदवहीत नाव आहे का? प्रमाणपत्र भिंतीवर असेल तर त्यावर चार गोष्टी वाचाव्यात. ते कोणी दिले आहे, कोणाच्या नावावर आहे, क्रमांक काय आहे आणि मुदत असल्यास ती संपलेली तर नाही ना. भिंतीवरचे नाव आणि समोर सुई घेऊन उभा असलेला माणूस एकच आहे ना, हेही पाहावे. नोंदणी एकाची आणि सुया टोचणारा 'असिस्टंट' दुसराच, असे झाले तर त्या क्रमांकाचा काही उपयोग नाही.

पाटीवरच्या अक्षरांचा अर्थ कसा लावायचा?

तालुक्याच्या गावात पाटीवर नावापुढे जितकी जास्त अक्षरे तितका डॉक्टर मोठा, असा एक समज असतो. ॲक्युपंक्चरच्या बाबतीत तो बाजूला ठेवावा.

एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, बीपीटी या अक्षरांमागे प्रत्येकी एक परिषद आहे. एमबीबीएससाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, बीएएमएससाठी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, बीएचएमएससाठी होमिओपॅथी परिषद. फिजिओथेरपिस्टसाठीही राज्याची वेगळी परिषद आहे. अशा परिषदेचा क्रमांक असेल तर समोरचा माणूस त्या शाखेचा डॉक्टर किंवा थेरपिस्ट आहे, एवढे कळते. त्याने सुयांचे शिक्षण घेतले आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. एखादे बीएएमएस डॉक्टर उत्तम नाडी पाहत असतील, पण ॲक्युपंक्चरसाठी त्यांनाही वेगळा प्रश्न विचारायलाच हवा. ते कुठे शिकलात, किती दिवस आणि त्याची नोंद कुठे आहे?

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मुंबईच्या एका प्रकरणात हा मुद्दा फार स्पष्ट केला होता. होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. ज्या शाखेचे शिक्षण नाही त्या शाखेचा उपचार करणारा हा त्या बाबतीत भोंदूच ठरतो, असा त्या निकालाचा आशय होता. पदवी खरी असूनही.

'एमडी' या दोन अक्षरांपुढे कंसात 'ॲक्यु' किंवा 'अल्टरनेटिव्ह मेडिसिन' असे लिहिलेले असेल तर थांबावे. एमबीबीएसनंतर वैद्यकीय महाविद्यालयात तीन वर्षे घासून मिळणारी एमडी वेगळी. पत्राने किंवा मोबाइलवर क्लास करून मिळालेला कागद वेगळा.

'डब्ल्यूएचओ मान्यताप्राप्त' असे लिहिलेले दिसले तर जास्तच सावध व्हावे. जागतिक आरोग्य संघटना कुठल्याही दवाखान्याला किंवा व्यक्तीला परवाना देत नाही. 'आयएसओ प्रमाणित' हाही असाच प्रकार. आयएसओचा ९००१ हा शिक्का संस्थेची कामाची पद्धत, नोंदी, प्रक्रिया यांच्याशी संबंधित असतो. नटबोल्ट बनवणाऱ्या कारखान्यालाही तो मिळतो. सुई कुठे आणि किती खोल टोचायची, याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि 'आयुष मान्यताप्राप्त ॲक्युपंक्चर' ही पाटी तर मुळातच गोंधळाची. आयुषमध्ये आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा रिग्पा आणि होमिओपॅथी येतात. ॲक्युपंक्चरला केंद्राची मान्यता आली ती आरोग्य संशोधन विभागाच्या आदेशाने.

किती शिकलेला माणूस 'शिकलेला' समजायचा?

इथे आकडे उपयोगी पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये ॲक्युपंक्चरचे प्रशिक्षण आणि सुरक्षितता यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. वैद्यकीय पदवी नसलेल्याने पूर्ण वेळ ॲक्युपंक्चर करायचे तर २५०० तासांचे शिक्षण हवे, असे त्यात म्हटले आहे. आधीच डॉक्टर असलेल्याने पूर्ण शिक्षण घ्यायचे तर १५०० तास. आणि डॉक्टरला आपल्या नेहमीच्या कामात थोडाफार वापर करायचा असेल तरी किमान २०० तास.

रोज आठ तास धरले तर २५०० तास म्हणजे सुट्ट्या सोडून ३१२ दिवस. शनिवार-रविवारच्या वर्कशॉपमध्ये फार तर १६ तास होतात. भिंतीवर अशी दहा वर्कशॉपची प्रमाणपत्रे फ्रेम करून लावली तरी १६० तास. डॉक्टरसाठी सांगितलेली किमान मर्यादाही त्यात गाठली जात नाही. प्रमाणपत्रांची संख्या मोजण्यापेक्षा त्यावरच्या 'पासून–पर्यंत' या तारखा वाचाव्यात, त्या जास्त बोलतात.

ॲक्युप्रेशरचा गोंधळही इथेच दूर करायला हवा. पॉइंट दाबणे, पायाखाली काटेरी पट्टी घेणे, जत्रेत मिळणाऱ्या खडबडीत चपला घालणे यांत त्वचेला छेद जात नाही. ॲक्युपंक्चरमध्ये जातो. दाबण्यात चूक झाली तर काळानिळा डाग पडेल. टोचण्यात चूक झाली तर रुग्णालय गाठावे लागते. 'पॉइंट सगळे तेच आहेत' असे म्हणत दाबणारा सुईकडे वळला असेल तर त्याला सुईचे शिक्षण वेगळे विचारावे.

डॉक्टरांना असे विचारायचे तरी कसे?

खरी अडचण ही आहे. 'आधार कार्ड दाखवा' म्हणण्याइतकी ही गोष्ट सोपी नाही. गावात डॉक्टरांना 'साहेब' म्हणतात, पुढ्यात बसले की निम्म्या शंका पोटातच राहतात. त्यात शेजारच्या काकूंनी शब्द टाकून नंबर लावलेला असतो. प्रश्न विचारला तर काकूंना काय वाटेल, हे ओझे वेगळेच.

यावर उपाय म्हणजे प्रश्न फोनवर, नाव नोंदवतानाच विचारणे. 'साहेब, आईला घेऊन यायचंय. आईला शुगर आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. तुमचा ॲक्युपंक्चरचा नोंदणी क्रमांक सांगाल का? घरचे विचारतात.' घरच्यांवर ढकलले की बोलणाऱ्याची जीभ मोकळी होते आणि ऐकणाऱ्याचा मानही राहतो. रीतसर नोंद असलेल्या माणसाला हा प्रश्न बोचत नाही. उलट बऱ्याच जणांना तो सांगण्यात अभिमान वाटतो. 'वीस वर्षं झाली, अजून कोणी विचारलं नाही' असे उत्तर आले, तर क्रमांक मिळालेला नाही, एवढेच लक्षात ठेवावे.

वरच्या वाक्यात शुगर आणि रक्त पातळ करणारी गोळी मुद्दाम आहे. ती ऐकून समोरून पुढचा प्रश्न येतो का, हे पाहायचे असते. अँजिओप्लास्टीनंतर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशा गोळ्या चालू असतील तर रक्त लवकर थांबत नाही. पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडून करायचा उपचार टाळतात. गर्भवतीसाठी काही जागा वर्ज्य मानल्या जातात. शुगरमुळे पायाची संवेदना गेलेल्याला टोचल्याचे कळत नाही आणि जखम चिघळू शकते. फिट येण्याचा त्रास असेल तर तेही आधी सांगायला हवे. शिकलेला उपचारक हे सगळे सुईला हात लावण्याआधी विचारतो आणि लिहून ठेवतो. 'काही फरक पडत नाही, या तुम्ही' असे म्हणणाऱ्याला क्रमांक असला तरी टाळलेले बरे.

सुईचे पाकीट समोर फोडतात का?

ॲक्युपंक्चरची सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. ती भरीव असते आणि बारीक असते, साधारण ०.२५ मिलिमीटर. इंजेक्शनची नेहमीची सुई ०.७ मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे दुखते कमी आणि 'एवढीशी तर सुई' म्हणून काळजीही कमी घेतली जाते. पण 'हिपॅटायटिस बी'च्या विषाणूला पोकळ सुईच लागते असे नाही. हा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. गुजरातमधल्या मोडासा या तालुक्याच्या गावात २००९ मध्ये 'हिपॅटायटिस बी'ची जी साथ आली, तिचे मूळ पुन्हा पुन्हा वापरलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये सापडले होते. ॲक्युपंक्चरचा तिथे संबंध नव्हता. सुई अनेकांत फिरली की काय होते, हे मात्र त्या गावाने पाहिले.

म्हणून सुया एकदाच वापरायच्या, निर्जंतुक, बंद पाकिटातल्या हव्यात. पाकीट रुग्णासमोर फुटायला हवे. त्यावर उत्पादनाचा बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते. ती वाचायला मागावी. 'तुमच्या सुया तुमच्या नावाच्या डबीत ठेवतो, पुढच्या वेळी त्याच वापरू' हे ऐकायला काटकसरीचे वाटते, पण डब्या बदलायला वेळ लागत नाही. स्पिरिटच्या कापसाने पुसलेली सुई निर्जंतुक होत नाही. गॅसवर धरलेलीही नाही.

टोचण्याआधी हात धुतात का, त्वचा पुसतात का, कपड्यावरूनच तर टोचत नाहीत ना, हे बघायला डॉक्टरी ज्ञान लागत नाही. पहिल्यांदा उपचार घेणाऱ्याला आडवे झोपवणे चांगले, कारण काहींना सुई पाहून भोवळ येते. सुया काढताना त्या मोजल्या जातात का, हेही पाहावे. काढलेल्या सुया सहज न फुटणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात जायला हव्यात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत टोकदार वस्तूंसाठी तोच डबा सांगितला आहे. सुया कचऱ्याच्या बादलीत पडत असतील तर तो दवाखाना बाकीचे नियम तरी किती पाळत असेल, हा अंदाज रुग्णाने करावा.

गंभीर धोका एकच लक्षात ठेवण्यासारखा. छाती, खांदा आणि पाठीचा वरचा भाग इथे फुप्फुस त्वचेपासून फार लांब नसते. सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा भरते. असा उपचार झाल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी छातीत दुखू लागले, धाप लागली तर दवाखान्यात फोन करत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे आणि 'पाठीत सुया टोचल्या होत्या' हे आधी सांगावे. हे वाचून घाबरायचे कारण नाही. ब्रिटनमध्ये २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३४ हजारांहून अधिक उपचारांत एकही गंभीर दुर्घटना नोंदली गेली नव्हती. पण ते सगळे उपचारक प्रशिक्षित आणि त्यांच्या संघटनेचे सदस्य होते. सुरक्षितता सुईत नसते, ती टोचणाऱ्या हातात असते.

मुळात उपयोग होतो का?

याचे सरळ 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देणारा माणूस एकतर विकणारा असतो किंवा चिडलेला. जर्मनीत जुन्या कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. शास्त्रोक्त जागी सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के रुग्णांना सहा महिन्यांनी बरे वाटत होते. नेहमीचे औषधोपचार आणि व्यायाम घेणाऱ्यांत हे प्रमाण २७.४ टक्के होते. इथपर्यंत ॲक्युपंक्चरवाले आनंदाने सांगतात. तिसऱ्या गटाबद्दल फारसे बोलत नाहीत. त्या गटाला चुकीच्या जागी, वरवर सुया टोचल्या होत्या आणि त्यातल्या ४४.२ टक्क्यांना बरे वाटत होते. म्हणजे फायदा दिसतो, पण नेमक्या पॉइंटचा त्यात किती वाटा आणि उपचार घेतल्याच्या समाधानाचा किती, हा वाद अजून मिटलेला नाही.

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे सांगितले आणि २०२१ मध्ये दुसऱ्या प्रकारच्या दीर्घ दुखण्यासाठी त्याचा विचार करावा असे म्हटले. अर्धशिशी वारंवार होऊ नये म्हणूनही ही संस्था दहापर्यंत बैठकांचा पर्याय सुचवते. थोडक्यात, जुनी कंबरदुखी, गुडघेदुखी, डोकेदुखी यांत प्रयत्न करून पाहण्यासारखा हा उपचार आहे. मधुमेह बरा करतो, लकव्याचा हात उचलून दाखवतो, मूल होण्याची हमी देतो असे म्हणणारा उपचारक पात्रतेच्या पहिल्याच पायरीवर नापास होतो. औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे. मधुमेह, पक्षाघात, कर्करोग हे आजार त्याच्या यादीत आहेत.

चांगल्या उपचारकाची एक खूण अशीही की, तो काही रुग्णांना परत पाठवतो. कंबरदुखीसोबत ताप येत असेल, वजन घटत असेल, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल तर मणक्याचा क्षयरोगही असू शकतो. पायातली ताकद जाणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे ही तर तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी मोहोळच्या ग्रामीण रुग्णालयातून पुढे सोलापूरच्या शासकीय रुग्णालयाची वाट धरावी. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे यात तर पहिले साडेचार तास मोलाचे असतात, कारण गाठ विरघळवणारे इंजेक्शन तेवढ्याच वेळात देता येते. ते तास सुयांच्या बैठकीत गेले तर परत मिळत नाहीत.

पॅकेज घ्यावे का? शिबिराला जावे का?

मोहोळहून सोलापूर सुमारे ३५ किलोमीटर. दहा बैठका म्हणजे जाऊन-येऊन ७०० किलोमीटर, दहा दिवसांचा रोजगार आणि सोबत येणाऱ्याचाही खाडा. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आणि ७५ वर्षांपुढच्यांना मोफत प्रवास असल्याने आजी-आजोबांचा भार थोडा हलका होतो, पण घरातल्या कमावत्या माणसाचा दिवस मोडतोच. त्यामुळे बैठकीचे पैसे एवढाच खर्च धरून चालत नाही. 'आज भरले तर वीस बैठकांवर सूट' हा हिशेब म्हणूनच फसवा. अमेरिकेत 'मेडिकेअर' ही सरकारी विमा योजना २०२० पासून जुन्या कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ बैठकांचे पैसे देते. फरक पडला तर आणखी ८, नाही पडला तर बंद. हा नियम आपल्यालाही वापरता येतो. पैसे बैठकीगणिक द्यावेत. चार-पाच बैठकांनंतर किती चालता येते, किती वेळ बसता येते, गोळ्या किती कमी झाल्या, हे घरातल्या वहीत लिहून पाहावे. काहीच हलले नसेल तर थांबावे.

शिबिराबाबत एकच अडचण आहे, पण ती मोठी आहे. एका दिवसात शंभर-दीडशे माणसे, प्रत्येकाला दहा-पंधरा सुया आणि संध्याकाळी गाडी पुढच्या गावाला. रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा? कायमचा पत्ता नसलेल्या माणसाकडून सुई टोचून घेऊ नये. शिबिर भरवणारे मंडळ किंवा ट्रस्ट गावातलेच असेल तर रुग्णांनी नव्हे, त्यांनीच आधी उपचारकाचा नोंदणी क्रमांक मागून फ्लेक्सवर छापावा. फ्लेक्सवर नेत्यांचे फोटो बसतात, तर एका क्रमांकाला जागा मिळायला हरकत नसावी.

फसवणूक झाली तर कुठे जायचे?

नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्यावर महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ नुसार कारवाई होऊ शकते आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. गावपातळीवर तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी. बोगस डॉक्टर शोधण्यासाठी तालुका आणि जिल्हा पातळीवर समित्या आहेत, तिथपर्यंत ती पोहोचते. उपचारक नोंदणीकृत असेल आणि त्याने हलगर्जी केली असेल तर ॲक्युपंक्चर परिषदेकडे जाता येते. पैशांचा वाद असेल तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात.

या सगळ्यासाठी कागद लागतो आणि तिथेच बहुतेकांचे अडते. रोख पैसे दिलेले असतात, पावती घेतलेली नसते. म्हणून पहिल्या बैठकीलाच नाव, तारीख, रक्कम आणि नोंदणी क्रमांक असलेली पावती मागावी. ती मिळाली नाही तर सुईचे रिकामे पाकीट आणि पाटीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्या काकूंनाही तोच फोटो पाठवावा, क्रमांकासह किंवा क्रमांक नसल्यास तसे लिहून.